अजून बोलत नाहीत

बेलार्मिनोने दोघांना दोन खोक्यांत घातलं,
चपट्या, भोकं पाडलेल्या,
आणि सुतळीची गाठ मारताना म्हणाला,
"बसमध्ये मांडीवर ठेव. आणि बोलू नकोस त्यांच्याशी,
आत्ता त्यांना काहीही ऐकायचं नसतं."
म्हटलं, मग आमचं जमेल.

मिएरेसहून तुरोनपर्यंत, डिसेंबरात,
काचांवर माणसांचा श्वास साचलेला.
मांडीवर काही आहे असं वाटेचना.
छत्तीस वर्षं मी वजनंच उचलली:
लाकडी टेकू, लोखंड, एकदा बेशुद्ध सेलेस्तिनो.
आणि ही दोन खोकी धरून
खांदे भरून आले.

एतेल्विनाने जागा ठरवून ठेवलेली: स्वयंपाकघर.
तिथं नको, तव्याचा धूर.
मग बैठकीत. दाराचा वारा.
मग जिन्याखाली.
तिथं का नको ते मी सांगितलं नाही,
पिंजरा उचलला फक्त.
शेवटी शिवणयंत्राशेजारी, पूर्वेच्या भिंतीला,
हिहोनला जाईपर्यंत लुझदिविनाचा पलंग होता तिथं.

शेजारचा अमादोर दारातूनच:
"काय रे, घरात वायू सुटतो की काय?"
हसलो. आमच्या वेळी यंत्र होतं, काटा होता,
खाली पक्षी नेलेला मी कधी पाहिला नाही.
आजोबांनी पाहिला असेल.
ते खाणीतलं घरी बोलायचे नाहीत.

पहिल्या दिवशी नराने चोचही लावली नाही.
मादीने राळा उधळला, निम्मा शिवणयंत्रात गेला.
दुसऱ्या दिवशी पिंजरा अर्धा झाकला, जुन्या उशीच्या अभ्र्याने.
तिसऱ्या दिवशी सफरचंदाच्या फोडीवर
एक टोच. एकच.
"उपाशी मरतील," एतेल्विना म्हणाली.
म्हटलं, तू आलीस तेव्हा आठवडाभर
माझ्या आईच्या हातचं काही गिळलं नव्हतंस.

बेलार्मिनोला तिनेच फोन लावला,
मला फोनमधलं कळत नाही.
मग नेहमीसारखं माझ्या कानाशी ओरडली,
"थांबा म्हणतो!"
दोघंही धडपडून जाळीवर आदळले,
एक पिवळं पीस
माझ्या कॉफीत पडलं.

तेव्हापासून ती लिहून देते.
वाण्याच्या बिलांच्या पाठीवर, शिसपेन्सिलीने:
पाणी बदललंस?
समुद्रफेस कुरतडलाय, बघ.
दार हळू लाव.
मीही मग तसंच, उत्तर तिथंच खाली.
एका बिलावर तर आम्ही भांडलोसुद्धा,
लुझदिविनाला नाताळात बोलवावं की तिने आपणहून यावं यावर,
दोन्ही बाजू भरेपर्यंत,
आणि पिंजऱ्यात कुणी दचकलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी ती पीठ मळत होती.
हात मध्येच थांबले.
मला वाटलं, चक्कर. उठलो.
तिने कोपरानेच मला अडवलं,
तोंड त्या भिंतीकडे.

नर वरच्या दांडीवर.
चोच अर्धी उघडी,
गळ्याची पिसं फुगलेली,
आणि तो गळा थरथरत होता,
चुलीवरचं झाकण
उकळीच्या जरा आधी थरथरतं तसा.

मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.
कंपनीच्या डॉक्टरने केव्हाच सांगितलं होतं:
वरचे सूर गेले, खालचे राहतील.
गिरमिटाने नेले ते. पगारात धरलेले नव्हते.

किती वेळ उभे होतो.
मग मी विचारलं, मोठ्याने नाही, कसं आहे?
ती पेन्सिल शोधायला लागली, हात पिठाचे,
सोडून दिलं,
आणि माझ्या मनगटावर बोटाने ठोकत गेली:
भरभर, भरभर, मग एक लांब,
मग परत भरभर, मग चुकली,
पहिल्यापासून सुरू करावं की काय अशी थांबली,
तोवर तो बहुतेक पुढं निघून गेला होता,
कारण ती हसली
आणि हात नुसताच तिथं ठेवला.

खालच्या दांडीवर मादी राळा खात होती.
मान वर केली नाही.
तिलाही ऐकू येत नसेल,
किंवा बेलार्मिनोकडे असताना
तिने हे रोजच ऐकलं असेल.